वापराचं वाक्य

गैरप्रकार समितीच्या खोलीचं दार नीट लागत नसे. बाहेरच्या बाकावर बसून मला आतलं जवळजवळ सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही आधी बसा," हा आवाज समितीचे अध्यक्ष, प्राचार्य मोहिते यांचा.

"नको, सर. उभीच बरी आहे."

"बरं. ही दोन वाक्यं वाचा. एक तुमच्या वहीतलं, एक पेंढारकरांच्या."

कागद उलटल्याचा आवाज झाला. मग मालन चौगुलेनं पाठ म्हणून दाखवावं तसं वाचलं, "मुकवट हाय त्ये, पाणी धरायचं न्हाई."

"आता दुसरं."

"तेच आहे, सर."

"तेच म्हणजे?"

"अक्षराला अक्षर तेच. पेंढारकरांच्या वहीतून उतरून घेतलं. मी चुकलो, सर."

आत कोणीतरी हसलं. मालनच्या गावाकडे बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. विद्यापीठात दोन वर्षं ती कसोशीनं 'आले, गेले' म्हणत आली होती. घाबरली की घरचं बाहेर पडायचं.

"चुकलो की चुकले?" हसणाऱ्यानं विचारलं.

"दोन्ही, सर," मालन म्हणाली.

यावर कोणी हसलं नाही. मोहित्यांनी विचारलं, "वही त्यांनी दिली, की तुम्ही न विचारता घेतली?"

"मागून घेतली. मांडणी कशी करतात ते बघायला पाहिजे, असं सांगून. उतरून काढणार हे त्यांना माहीत नव्हतं."

तो पेंढारकर मीच, आणि ते मला माहीत होतं. मीच तिला 'उतरून घ्या' म्हणालो होतो. त्या दुपारी मालन समितीपुढे एवढं एकच खोटं बोलली आणि ते माझ्यासाठी बोलली.

तारीख ११ एप्रिल १९९४, सोमवार. मी तेव्हा मराठी घेऊन एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या आठव्या पेपरला लेखी परीक्षा नव्हती. त्याऐवजी बोलीचं सर्वेक्षण करायचं असे. विभागप्रमुख खासनीस बाई प्रत्येकाला एक गाव आणि एक धंदा वाटून देत. जानेवारीत दहा दिवस त्या गावात राहायचं, एका जुन्या जाणत्या माणसाला दोनशे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत उतरवायची. प्रत्येक प्रश्नासाठी चार रकाने होते. शब्द, त्याचा अर्थ, सांगणाऱ्याचं नाव, आणि वापराचं वाक्य. हा शेवटचा रकाना बाईंच्या फार जिव्हाळ्याचा. सांगणाऱ्यानं तो शब्द बोलण्यात जसा वापरला, ते वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच उच्चारात लिहायचं. शब्द मिळाला नाही तर 'मिळाला नाही' एवढंच लिहायचं. त्याचे मार्क कापले जात नाहीत, असं बाई सांगत. आमचा त्यावर विश्वास नव्हता.

त्या वर्षी मला आणि मालनला कुंभारकाम आलं. मला हुंबरगाव, तिला ओढ्यापलीकडचं तळगाव. मला शब्द सांगणाऱ्या पारूबाई कुंभार, वय सत्तरच्या पुढे. तिला धोंडीबा म्हणून एक म्हातारे.

मालनला घरून एम. ए.साठी मोजून दोन वर्षं मिळाली होती. तालुक्याच्या कॉलेजात जूनमध्ये मराठीची जागा निघणार होती आणि संस्थेचे सचिव तिच्या चुलत्यांच्या ओळखीचे होते. मे महिन्यात पास होऊन जूनला नोकरीवर हजर झाली तर लग्नाचं पुढे बघू, नाही तर जूनमध्येच लग्न, असं वडलांनी ठरवून टाकलं होतं. ती हे हसत सांगायची. "माझी परीक्षा विद्यापीठ घेतंय आणि निकाल आमचा आण्णा लावणार हाय," म्हणायची.

गावाहून परतल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी, ती मला ग्रंथालयाच्या व्हरांड्यात भेटली. वह्या सोमवारी द्यायच्या होत्या.

"पेंढारकर, भट्टीची पानं झाली तुमची?"

"झाली."

"सगळी? एक पण 'मिळाला नाही' न्हाई?"

"एकही नाही."

"नशीबवान हाय की वो. माझा म्हातारा आठव्या दिवशी मोतीबिंदू काढायला गेला. लेकानं गाडीत घातला आणि नेला. भट्टीचं अठरा प्रश्न तसंच राहिलं."

"गावात दुसरं कोणी?"

"भट्टी लावणारं तेवढं एकच घर उरलंय. सुनेला विचारलं तर म्हणती, मला काय ठावं, मी माहेरी मेस्त्र्याची लेक."

"मग 'मिळाला नाही' लिहा."

"अठरा ठिकाणी? बाई म्हणतील, ही गावाला गेलीच न्हवती. यष्टी स्टँडावर बसून आली."

वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीतच होती आणि तिला ती दिसत होती.

"तुमचं हुंबरगाव, माझं तळगाव. मधी एक ओढा. दोन्हीकडच्या कुंभारांची सोयरीक हाय. शब्द काय येगळा असणार?" ती म्हणाली. मग थोडी थांबून, आवाज उतरवून, "चूक हाय हे मला कळतंय. पण शब्द तर खराच असंल न्हवं?"

मी तिच्याकडे बघितलं आणि नंतर पिशवीकडे. एवढं आठवतं की मी लगेच उत्तर दिलं नाही.

"खरा आहे," मी म्हणालो. "उतरून घ्या. फक्त वाक्यं बदला. वाक्यं सारखी आली तर दोघंही सापडू."

"वाक्य कसं बदलू?" तिनं वही हातात घेतली होती. "म्हातारीच्या तोंडचं हाय ते. मी माझ्या मनानं काय तरी घातलं तर ते खोटं होईल."

"मालन, तुम्ही शब्द उचलताय आणि वाक्याला जपताय."

"उचलते म्हणूनच," ती म्हणाली. "उचलायचं ते नीट तरी उचलाय पाहिजे."

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. आठव्या पेपरची तोंडी परीक्षा २८ मार्चला झाली तेव्हा कळलं की थट्टा नव्हती.

बाहेरून आलेले परीक्षक डॉ. बाबर त्या भागातल्या बोलीवर तीस वर्षं काम करत होते. त्यांची झिजलेली चप्पल बघूनही ते पटलं असतं. माझी वही चाळताना ते एकशे सत्तेचाळीसाव्या प्रश्नाला थांबले. प्रश्न असा: भट्टीतून निघालेलं मडकं दिसायला धड, पण बोटानं वाजवलं की बद्द वाजतं, त्याला काय म्हणतात? माझ्या वहीत उत्तर होतं, मुकवट.

"मुकवट," बाबर म्हणाले. पुन्हा म्हणाले. "मुकं मडकं. बोलत नाही ते. अहो, मी हा सगळा पट्टा पायी फिरलोय. मला कोणी म्हणजे कोणी हा शब्द सांगितला नाही. कोणत्या बाई या?"

"पारूबाई कुंभार. हुंबरगाव."

"भाग्य लागतं," ते खासनीस बाईंना म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघून मान डोलवली. दोन वर्षांत त्यांनी माझ्यासाठी एवढं कधी केलं नव्हतं.

दुपारी मालनची पाळी आली; तोंडी सगळ्या वर्गासमोरच होत असे. बाबरांनी तिची वही घेतली ती सरळ एकशे सत्तेचाळीसावर उघडली. शब्द सापडल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की शेजारच्या खुर्चीतून बाईही वाकून बघू लागल्या. मग त्यांची नजर पुढच्या रकान्यात गेली. त्यांनी माझी वही पुन्हा मागवून घेतली.

"दोन गावांतले दोन म्हातारे एकच शब्द बोलतील," ते म्हणाले. "एकच वाक्य बोलत नाहीत."

मालननं मान खाली घातली आणि तिथेच कबूल केलं. बाबरांना ते लागलं असावं. जाताना ते बाईंना म्हणाले, "मुलगी प्रामाणिक आहे हो. काहीतरी बघा." बाई म्हणाल्या, "प्रामाणिक आहे म्हणूनच कागदावर घ्यावं लागेल." प्रकरण गैरप्रकार समितीकडे गेलं.

वसतिगृहात दोन दिवस त्यावरच विनोद चालले. माझ्या खोलीतला दिनकर सुतार म्हणाला, "चौगुलेबाईनं मडकं फोडलं ते फोडलं, पण तुझ्या डोक्यावर का फोडलं?" मीही हसलो.

तर त्या सोमवारी, तीन वीसला, शिपायानं मला आत बोलावलं. मालन दारात मला ओलांडून बाहेर गेली. तिनं वर बघितलं नाही.

टेबलापलीकडे तिघं होते. मोहिते, उपकुलसचिव आणि खासनीस बाई.

"चौगुले म्हणतात, तुम्ही वही मांडणी बघण्यासाठी दिली," मोहिते म्हणाले. "खरं आहे?"

"हो."

"उतरून काढणार याची कल्पना होती?"

"नव्हती, सर."

"तुमच्या नोंदी तुमच्याच आहेत?"

"हो."

"हा शब्द," त्यांनी वहीवर बोट ठेवलं, "या पारूबाईंनी सांगितला. तुम्ही स्वतः ऐकला."

"हो."

"वाक्यही त्यांचंच?"

"त्यांचंच."

खासनीस बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "कधी ऐकलंत, पेंढारकर? म्हणजे म्हातारी काय करत होती तेव्हा?"

बाईंचा प्रश्न साधा होता. त्यांना त्या वाक्याबद्दल खरंच कुतूहल होतं.

"मडकी मांडून ठेवत होत्या, बाई. नात मदतीला होती. नातीला म्हणाल्या."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं.

पारूबाईंना नात नव्हती. त्यांनी मला तो शब्द सांगितला नव्हता आणि त्या वाक्यातलं एक अक्षर त्या बोलल्या नव्हत्या. त्या मला भेटल्या त्या फक्त पहिले सात दिवस. आठव्या दिवशी सकाळी मी त्यांना "उद्या येतो" सांगून शहराकडे निघालो, कारण तिथल्या एका दैनिकानं उपसंपादकाच्या जागेसाठी दोन दिवसांची परीक्षा ठेवली होती. परतलो नाही. राहिलेले बावीस शब्द मी त्या दैनिकाच्या कॅन्टीनमध्ये मुलाखतीची वाट बघत एका तासात तयार केले. अर्थ प्रश्नातच दिलेला असे. त्याला शोभेल असा शब्द जुळवायचा आणि म्हातारीच्या उच्चारात एक वाक्य करायचं, एवढंच काम. ते मला अवघड गेलं नाही. मुकवट चौदावा.

बाहेर आलो तेव्हा मालन बाकावर बसली होती. निर्णय पाच वाजता मिळणार होता. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो.

"तुम्हाला त्रास झाला माझ्यामुळं," ती म्हणाली.

"असू दे."

"तुम्ही सांगितलंवतं, वाक्य बदला म्हणून. माझंच डोकं फिरलं. तुमच्या मेहनतीचं मी असं मातेरं केलं."

मी समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत होतो. विद्यार्थ्यांनी कार्यालयात येताना ओळखपत्र सोबत आणावे.

"माफ करा, पेंढारकर."

मी काहीतरी बोललो. पाच वाजून दहा मिनिटांनी तिला कागद मिळाला. आठवा पेपर रद्द, पुढील एक वर्ष परीक्षेस बसण्यास मनाई. तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला. "आण्णाचा निकाल लवकर लागला," ती म्हणाली आणि जिन्यानं खाली गेली. त्यानंतर मी तिला विद्यापीठात पाहिलं नाही. जूनमध्ये तिचं लग्न झालं, असं दिनकरनं कुठून तरी ऐकून सांगितलं. त्याच जूनमध्ये मी दैनिकात रुजू झालो. आठव्या पेपरला मला अठ्ठ्याहत्तर मार्क पडले. विभागात सगळ्यांत जास्त.

इथपर्यंत जे लिहिलं त्यातलं पुष्कळसं मी पुढे बायकोला सांगितलं आहे. दिनकरलाही, एकदा. दोघंही म्हणाले, तू वही द्यायला नको होतीस, पण समोरच्या अडचणीतल्या मुलीला नाही म्हणणं अवघड असतं. मी त्यांना ते म्हणू दिलं.

खासनीस बाई पहिल्या वर्षापासून आमच्याकडून एक नियम घोकून घेत असत. शब्द एका गावात मिळाला तर ती नुसती नोंद. दोन गावांत दोन वेगवेगळ्या माणसांकडून मिळाला, तर तो शब्द. एकाच गावातल्या अनोख्या शब्दावर त्या पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढत आणि एखादे वेळी स्वतः एसटीनं त्या गावी जाऊन पडताळा घेत. माझ्या वहीत अशी बावीस प्रश्नचिन्हं पडणार होती. व्हरांड्यात मालन माझ्यापुढे उभी राहिली तेव्हा मी थांबलो तो एवढ्याच विचारासाठी. तिच्या वहीत तेच शब्द आले की गावं दोन होणार होती. ओढ्यापलीकडचं गाव मला साक्षीला मिळणार होतं. वाक्यं बदला, हे मी तिच्यासाठी सांगितलं नव्हतं.

बाई पुढे कधी हुंबरगावला गेल्या नाहीत. बाबरांनी वाखाणलेल्या मुलाच्या वहीचा पडताळा घ्यायचं त्यांना कारण उरलं नव्हतं. उरलेल्या एकवीस शब्दांवरही मग कोणी पेन्सिल टेकवली नाही.

२०१७ च्या नोव्हेंबरात विभागानं काढलेला बोलीकोश परीक्षणासाठी आमच्या कचेरीत आला. तेव्हा मी रविवारच्या पुरवणीचं काम बघत होतो. मुकवट त्यात होता. अर्थ, वापराचं वाक्य, पारूबाईंचं नाव, हुंबरगाव, संकलक स. ग. पेंढारकर. बाजूला चांदणी. चांदणीचा खुलासा प्रस्तावनेत होता: एकाच ठिकाणी आढळलेला शब्द. कोश मी परीक्षणासाठी दुसऱ्याकडे दिला आणि मालनचा पत्ता शोधायला लागलो. तो मिळायला तीन फोन पुरले. मला वाटलं होतं जास्त लागतील.

फेब्रुवारीत गेलो. तालुक्याच्या गावात मुलींची शाळा, मुख्याध्यापिका सौ. मालन पाटील. केस पिकले होते, चष्मा आला होता. मला तिनं दारातच ओळखलं.

"पेंढारकर. या की. पेपरात नाव वाचते तुमचं. बारीक टायपात असतं, पण वाचते."

तिनं चहा सांगितला. लग्नानंतर सात वर्षांनी बाहेरून एम. ए. केलं, मग बी. एड., असं तिनं थोडक्यात सांगितलं. कॉलेजची जागा तेव्हाच भरली होती, पुन्हा निघाली नाही. "पण शाळा बरी," ती म्हणाली. "कॉलेजात पोरं ऐकत न्हाईत. इथं निदान ऐकल्यासारखं करतात."

येताना बसमध्ये मी एका कागदावर चार मुद्दे काढले होते. हुंबरगावातून निघून आलो ते. शब्द बनवले ते. समितीपुढे बोललो ते. आणि वही का दिली ते. त्याच क्रमानं सांगायला लागलो. पहिले तीन सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे असा शब्दच न्हाई?"

"नाही."

"एकही न्हाई? अठराच्या अठरा?"

"तुम्ही उतरवलेले सगळे त्यातलेच होते."

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाकावर मी तुमची माफी मागितली, तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, असू दे."

"हो."

"किती वेळा म्हणालात, आठवतंय?"

"एकदा."

"दोनदा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा म्हणालात, असू दे, होतं असं."

चहा आला. आणणाऱ्या बाई कप ठेवून जाईपर्यंत ती थांबली. त्यानंतर बोलली ती वर्गात बोलावं तशी, एकेक वाक्य सुटं करून.

"हे बघा. मी उतरून काढलं ते काढलं. माल खोटा निघाला म्हणून चोरी लहान होत न्हाई. माझं वर्ष माझ्या चोरीपायी गेलं. ते तुमच्या नावावर टाकून मी मोकळी व्हायची न्हाई. तुमचं जे आहे ते तुमचं तुम्ही बघा. त्या कोशवाल्यांना कळवलंत?"

"अजून नाही."

"कळवा."

"कळवतो."

"आज कळवा." मग ती खुर्चीत मागे टेकली. "दहावीच्या मुलींना मी दर वर्षी परीक्षेआधी हे सांगते. नावासकट. सगळ्या वर्गात एकानं मला वही दिली. काही न मागता, उपकार न दाखवता. आणि मी काय केलं, तर त्याला समितीच्या दारात नेऊन उभा केला. तवा कॉपी करताना आपल्या एकटीचं वाटोळं होत न्हाई, ज्यानं विश्वासानं हात दिला त्याची मान पण खाली जाती. असं सांगते. मार्कांची भीती घालून पोरी ऐकत न्हाईत, हे ऐकून गप होतात." ती माझ्याकडे बघत होती. "तेवढं तरी खरं आहे न्हवं? वही तुम्ही माणुसकीनं दिली होती?"

कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. चौथा मुद्दा अजून बाकी होता.

"हो," मी म्हणालो.

"मग झालं," ती म्हणाली. तिचे खांदे जरा सैल झाले. "चहा घ्या, निवला."

मी चहा प्यायलो. घंटा झाली. ती उठली, टेबलावरचं हजेरीपुस्तक उचललं आणि दाराशी जाऊन माझ्यासाठी थांबली.

"चला. दहावी 'अ'चा तास आहे माझा. पुढच्या आठवड्यात परीक्षा. आज तेच सांगायचा दिवस."

"मी कशाला?"

"शब्दाचं तुम्ही सांगा. ते माझ्या तोंडून शोभायचं न्हाई. बाकीचं त्यांच्या ताया सांगून गेल्यात, त्यांना पाठ आहे."

"मालन, आत्ता नको."

"चोवीस वर्षांनी आलाय. आत्ता नको तर मग कधी?"

वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता. आम्ही आत गेलो तशा मुली उभ्या राहिल्या. बावन्न होत्या. हजेरीवर तिनं सगळ्या आल्यात म्हणून खूण केली तेव्हा मला आकडा दिसला.

"हे पेंढारकर सर," मालन म्हणाली. "वहीवाले."

वर्गात कुजबुज झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडे बघून हसली. दोघीतिघींनी हात जोडले. मालन मधल्या वाटेनं चालत मागे गेली, शेवटच्या बाकावर मुलींना सरकायला लावून त्यांच्याजवळ बसली आणि तिनं हाताची घडी घातली.

मी फळ्यापुढे उभा होतो. मुली अजून उभ्याच होत्या. मी 'बसा' म्हणेपर्यंत त्या बसणार नव्हत्या, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.